एका गाण्याचे किती?

फुकट हा शब्द आपल्याला फार प्रिय. फुकट मिळालेली कढीपत्त्याची काडी आपण भाजीवाल्याची मेहेरबानी समजतो, पण तिची किंमत त्याने भेंडीत लावलेली असतेच. इंटरनेटवरच्या गाण्यांचंही तसंच आहे. कानात गाणं वाजत असतं, खिशातून काही जात नाही, आणि "ह्याचे पैसे कुणीतरी, कुठेतरी भरतंय" हे मनातही येत नाही. मला ह्या "कुणीतरी"चा शोध घ्यावासा वाटला. त्यातून इंटरनेट रेडिओचा पंचवीस-एक वर्षांचा इतिहास हाताला लागला, आणि तो मला कादंबरीइतका रंजक वाटला. म्हणून हा लेख.

आधी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे मुख्यतः आमच्या घरच्या मंडळींसाठी) थोडक्यात. साध्या रेडिओचा एक मनोरा असतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे एकाच वेळी एकच गाणं ऐकतात. 'ज्याचा त्याचा' इंटरनेट रेडिओ वेगळा. तुम्ही एका गायकाचं किंवा गाण्याचं नाव टाकायचं, की तेवढ्यावरून तुमच्यापुरतं एक स्टेशन तयार होतं. गाणं आवडलं तर अंगठा वर, नाही आवडलं तर अंगठा खाली. हळूहळू स्टेशनला तुमची आवड कळू लागते. मी २००५ नंतरची काही वर्षं कॅलिफोर्नियात सनीवेलला होते. तिथे आमच्या ऑफिसात दुपारी निम्म्या लोकांच्या कानात हेडफोन आणि पडद्याच्या कोपऱ्यात पँडोरा, हे रोजचं दृश्य होतं.

पँडोरा जवळच्याच ओकलंडची कंपनी. २००० साली ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं सॅव्हेज बीस्ट, म्हणजे हिंस्र श्वापद! टिम वेस्टरग्रेन, विल ग्लेझर आणि जॉन क्राफ्ट हे तिघे संस्थापक. वेस्टरग्रेन मूळचा पियानोवादक. बँडमधून वाजवून झालं होतं, चित्रपटांना संगीतही देऊन झालं होतं. दिग्दर्शकाला नेमकं काय आवडेल ते ओळखायचं, हे त्या कामाचं मर्म. त्यात एमी मान ह्या गायिकेबद्दल त्याच्या वाचनात आलं. तिला चाहते होते, पण त्यांच्यापर्यंत पोचण्याचा खर्च रेकॉर्ड कंपनीला परवडत नव्हता. मग गाण्याच्या अंगच्या गुणांवरूनच ते योग्य कानापर्यंत पोचवता आलं तर?

ह्यातून निघाला म्युझिक जीनोम प्रोजेक्ट. नोलन गॅसर ह्या संगीततज्ज्ञाने त्याची मांडणी केली. संगीत शिकलेली माणसं एकेक गाणं घेऊन बसायची आणि साडेचारशेपर्यंत गुणांवर त्याला आकडे द्यायची. आवाज बाईचा की पुरुषाचा, घोगरा की मऊ, गिटार किती खरखरीत, मागे कोरस आहे का, स्केल मेजर की मायनर.. एका गाण्याला वीस ते तीस मिनिटं लागत. मग संगणकाचं काम एवढंच, की आकड्यांच्या हिशेबाने जवळची गाणी शोधायची. ह्यात गाणं प्रसिद्ध आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. कुणीही न ऐकलेला गावठी बँड आणि बीटल्स एकाच मापाने मोजले जातात.

त्याच सुमाराला दुसरा मार्ग चोखाळत होते लंडनचे लास्ट एफएमवाले. ही कंपनी २००२ ची. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या रिचर्ड जोन्स नावाच्या विद्यार्थ्याने ऑडिओस्क्रॉबलर बनवला होता. तुम्ही संगणकावर जे जे ऐकाल त्याची नोंद तो ठेवायचा. पुढे हे दोन्ही प्रकल्प एकत्र झाले. इथे गाणं कसं आहे ते कुणी तपासत नाही. तुम्ही जे ऐकता तेच ऐकणारी आणखी हजारो माणसं आहेत, तर ती अजून काय ऐकतात तेवढं बघायचं. थोडक्यात, एक वैद्य नाडी पाहतो, तर दुसरा "शेजारच्या काकूंना ह्याच दुखण्यावर कशाने गुण आला?" असं विचारतो. दोन्हींनी गुण येतो! फक्त शेजारणीचा सल्ला घ्यायला आधी शेजार असावा लागतो. जे गाणं अजून कुणी ऐकलेलंच नाही ते ह्या दुसऱ्या पद्धतीत कुणाला सुचवलंही जात नाही. आधी चारजणांनी ऐकावं लागतं.

असो. नाडीपरीक्षा उत्तम होती, पण पैसे येत नव्हते. सुरुवातीला ह्या मंडळींच्या डोक्यात रेडिओ नव्हताच. दुकानांना "हे आवडलं तर तेही घ्या" असं सुचवणारं यंत्र विकायचं, असा बेत होता. बेस्ट बायच्या दुकानांत ते बसलंही. पण २००० सालचा डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि सुरुवातीचे पंधराएक लाख डॉलर संपले. मग जवळपास पन्नास माणसांनी दोन वर्षांहून अधिक काळ "पैसे आले की देऊ" ह्या आश्वासनावर, पगाराविना काम केलं. कॅलिफोर्नियात असा पगार लांबवणं कायद्यात बसत नाही. काही जुन्या कर्मचाऱ्यांनी दावाही लावला. वेस्टरग्रेनची क्रेडिट कार्डं कर्जाने भरली. तीनशेहून जास्त वेळा गुंतवणूकदारांपुढे तोच पाढा वाचून झाला, आणि अखेर मार्च २००४ मध्ये वॉल्डन कंपनीच्या पुढाकाराने सुमारे नव्वद लाख डॉलर मिळाले. त्यातून सुमारे वीस लाख थकलेल्या पगारांचे दिले गेले. ही गोष्ट सांगताना लोक नेहमी संस्थापकाच्या चिकाटीचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते हेडफोन लावून, गिटारची खरखर मोजत, बिनपगारी बसलेल्या माणसांचं. त्यांनी मोजलेल्या गाण्यांवरच पुढचा सगळा डोलारा उभा राहिला.

२००५ साली पँडोरा नावाने रेडिओ सुरू झाला. आधी दहा तास फुकट आणि पुढे वर्षाला ३६ डॉलर, असा हिशेब होता. दहा तासांनंतर बहुतेक लोक काढता पाय घेत. काही महिन्यांतच जाहिरातींवर चालणारा फुकट रेडिओ आला.

पैसे कुठून येत ते आता बघू. नाव नोंदवताना तुम्ही जन्मसाल, लिंग आणि पिनकोड देत होता. म्हणजे "सनीवेलची, तिशीतली बाई" एवढं कंपनीला कळलं. जाहिरातदाराला हेच हवं असतं. सुरुवातीला जाहिराती पडद्यावर दिसत. जुलै २००८ मध्ये आयफोनवर पँडोरा आला आणि पडदा खिशात गेला. खिशातली जाहिरात कोण बघणार? मग गाण्यांच्या मधे बोलत्या जाहिरातींचं महत्त्व वाढलं. जाहिरात नको असणाऱ्यांसाठी २००९ मध्ये ३६ डॉलरचीच वार्षिक वर्गणी आली. शिवाय गाणं आवडून तुम्ही ते विकत घेतलंत तर दुकानाकडून थोडं कमिशन. झालं, एवढीच मिळकत.

खर्चाची बाजू समजायला थोडा अमेरिकन कायदा बघावा लागतो. घाबरू नका, थोडक्यात सांगते. प्रत्येक गाण्यात दोन हक्क असतात. एक शब्द आणि चाल रचणाऱ्याचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे गाणारा, वाजवणारे आणि रेकॉर्ड कंपनी ह्यांचा. अमेरिकेतली साधी रेडिओ स्टेशनं पहिल्या हक्काचे पैसे देतात, दुसऱ्याचे देत नाहीत. "आम्ही वाजवतो म्हणून तुमच्या रेकॉर्डी खपतात" हा त्यांचा युक्तिवाद, आणि तो दशकानुदशकं चालला. १९९५ साली काँग्रेसने कायदा केला, की डिजिटल प्रसारणाला मात्र दुसऱ्या हक्काचेही पैसे द्यावे लागतील. १९९८ च्या कायद्याने त्याची सविस्तर चौकट आखली. सरकारने ठरवलेला दर भरा, नियम पाळा, आणि कुठलंही गाणं वाजवा. प्रत्येक रेकॉर्ड कंपनीच्या दारात जायला नको.

त्या नियमांत खरी गंमत आहे. तीन तासांत एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी नाहीत, एका कलाकाराची चारपेक्षा जास्त नाहीत, पुढे कुठलं गाणं लागणार ते आधी सांगायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, श्रोत्याने मागितलेलं गाणं मागितलं म्हणून लावायचं नाही! तसं केलंत तर तो रेडिओ राहत नाही, घरबसल्या रेकॉर्डचं दुकान होतं. मग सरकारी दर लागू नाही, प्रत्येक कंपनीशी वेगळा करार करा. 'आपली आवड' ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे उलटंच वाटतं. आपल्याकडे फर्माईश म्हणजे रेडिओचा प्राण, आणि इथे फर्माईश हाच गुन्हा. श्रोत्याची आवड ओळखा, जमेल तितकी जवळून ओळखा, पण त्याने तोंडाने मागितलेलं देऊ नका! पँडोरावर तासाला सहाच गाणी वगळता यायची, तीसुद्धा परवान्याच्या ह्याच चौकटीत बसावं म्हणून.

"एकेका श्रोत्यासाठी बनवलेलं स्टेशन" हा रेडिओ धरायचा का, ह्यावरून खटलाही झाला. लाँच मीडिया ह्या कंपनीचं लाँचकास्ट १९९९ पासून चालत होतं आणि श्रोत्यांनी दिलेल्या गुणांवरून गाणी निवडत होतं. २००१ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी दावा लावला. त्याच वर्षी लाँच याहूने विकत घेतली. निकाल अपील कोर्टातून आला ऑगस्ट २००९ मध्ये. कोर्टाने गाणी निवडण्याची सगळी पद्धत तपासली आणि सांगितलं, की पुढचं गाणं कुठलं हे श्रोत्याला सांगता येत नाही, त्यामुळे रेकॉर्ड विकत घ्यायची गरज ह्यातून भागत नाही, म्हणून हा रेडिओच. पुढे काय लागेल ते माहीत नसणं हे त्या सगळ्या धंद्याचं कायदेशीर अधिष्ठान ठरलं. आहे की नाही मजा?

आता दर. २ मार्च २००७ ला कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने ते जाहीर केले आणि सगळ्या इंटरनेट रेडिओवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एका श्रोत्याला एक गाणं ऐकवलं की २००६ साठी ०.०८ सेंट, आणि चढत चढत २०१० साठी ०.१९ सेंट. तेही २००६ पासून मागे जाऊन भरायचे. आकडा चिमुकला दिसतो, पण धंद्याचं गणित त्यानेच उलटं केलं. मनोऱ्याच्या रेडिओला एक श्रोता वाढला तर खर्च शून्य आणि जाहिरातीचा भाव वर. इथे प्रत्येक श्रोता वेगळा, प्रत्येकाचं गाणं वेगळं, प्रत्येक गाण्याचे पैसे वेगळे. जो तुमच्यावर सर्वात जास्त प्रेम करतो, दिवसभर तुम्हालाच ऐकतो, तोच तुम्हाला सर्वात महाग पडतो! खानावळीत महिन्याचे पैसे न भरता रोज तिन्ही त्रिकाळ जेवणाऱ्या पाहुण्यासारखं.

२६ जून २००७ ला अनेक इंटरनेट स्टेशनांनी निषेध म्हणून दिवसभर शांतता पाळली. काँग्रेस सदस्यांकडे ईमेलचा पाऊस पडला. दोन वर्षांच्या ओढाताणीनंतर जुलै २००९ मध्ये तडजोड झाली. पँडोरासारख्यांनी २००९ साठी गाण्यामागे ०.०९३ सेंट किंवा उत्पन्नाच्या २५ टक्के, ह्यांतलं जे जास्त असेल ते द्यायचं. तासाला पंधरा गाणी धरली तर एका श्रोत्याच्या तासामागे जेमतेम १.४ सेंट. तरीही पँडोराने फुकट ऐकण्यावर महिन्याला चाळीस तासांची मर्यादा घातली. पुढे ऐकायचं तर उरलेल्या महिन्याचे ९९ सेंट भरा. आपल्याच लाडक्या गिऱ्हाइकाला "आता पुरे" म्हणायची पाळी आली ती अशी.

हा सरकारी परवाना फक्त अमेरिकेपुरता होता. म्हणून मे २००७ पासून पँडोराने भारतासह बहुतेक देशांतल्या श्रोत्यांना दार बंद केलं. तेव्हा ब्लॉग लिहिणाऱ्या अनेकांना ते आठवत असेल. लास्ट एफएम त्याच महिन्याअखेर सीबीएसने २८ कोटी डॉलरना घेतली. २००९ पासून त्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी सोडून बाकीच्यांना महिन्याला तीन युरो लावले, आणि एप्रिल २०१४ मध्ये त्यांचा रेडिओ बंद झाला.

आता आतोबांबद्दल सांगते, कारण ह्या सगळ्या वाचनामागे खरं कारण तेच. माझ्या आत्याचे यजमान व्हायोलिन वाजवायचे. साठ-सत्तरच्या दशकांत ताडदेव-दादरच्या स्टुडिओंतून हिंदी-मराठी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला जायचे, दहा-वीस व्हायोलिनांतलं एक होऊन. ठरलेल्या वेळेचे ठरलेले पैसे मिळायचे, आणि तिथे संबंध संपला. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायक, संगीतकार, गीतकार. वादकांचं नाव नाही. रेडिओवर गाणं लागलं की ते मान किंचित तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्या ओळीत आहे मी." आम्हा मुलांना अर्थातच काही वेगळं ऐकू यायचं नाही. तक्रार त्यांनी कधी केली नाही. पण एकदा त्यांनी विचारलं होतं, "हे गाणं वाजल्याचे पैसे कुणाला जातात गं?" मला उत्तर आलं नव्हतं.

अमेरिकन कायद्यात मला त्याचं एक उत्तर सापडलं. साउंडएक्स्चेंज ही संस्था डिजिटल रेडिओकडून पैसे गोळा करते. त्यांतले ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, म्हणजे बहुधा रेकॉर्ड कंपनीला. ४५ टक्के मुख्य कलाकाराला, थेट. आणि उरलेले ५ टक्के ज्यांचं नाव वेष्टनावर नसतं त्यांना, अडीच टक्के साथीच्या वादकांना आणि अडीच टक्के मागे गाणाऱ्यांना. २००९ च्या दराने हिशेब केला. एक गाणं दहा लाख वेळा ऐकलं गेलं तर एकूण ९३० डॉलर. कंपनीला ४६५, गायकाला ४१८.५०, आणि सगळ्या वादकांना मिळून २३ डॉलर २५ सेंट. वीस व्हायोलिनं असतील तर माणशी एक डॉलर नि थोडे सेंट! हसायला येतं. पण त्याच गायकाला आणि वादकाला अमेरिकेतल्या मनोऱ्याच्या रेडिओवरून मिळत होतं शून्य. एक डॉलर आणि शून्य ह्यांत फरक किती, हे ज्याचं नाव कुठेच नाही त्याला विचारावं. एक डॉलरसाठी का होईना, कुणीतरी त्याचं नाव शोधावं लागतं.

म्हणूनच मला ह्या इतिहासात नायक आणि खलनायक नीट वाटून देता येत नाहीत. पँडोरा जून २०११ मध्ये १६ डॉलर भावाने शेअर बाजारात आली. नऊ कोटींहून जास्त नोंदणी, आधीच्या वर्षाचं उत्पन्न १३ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास, आणि त्यातलं निम्मं गाण्यांच्या हक्कांपोटी गेलेलं. कंपनी म्हणे, "आमच्यावरच एवढा बोजा, मनोरेवाल्यांवर काहीच नाही, हा कुठला न्याय?" मुद्दा खरा होता. कलाकार म्हणत, "मग त्यांच्याकडूनही घ्या, आमचं कमी का करता?" हाही खराच. २०१३ मध्ये तर पँडोराने रचनाकारांना द्यायचा दर कमी व्हावा म्हणून साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीचं के एक्स एम झेड नावाचं चिमुकलं एफएम स्टेशन विकत घ्यायचं ठरवलं. स्वतःचं मनोऱ्याचं स्टेशन असलं की मनोरेवाल्यांचा स्वस्त दर मागता येतो! एकेका श्रोत्याचा रेडिओ शोधून काढणाऱ्यांनी शेवटी जुन्या रेडिओच्या छत्रीखाली उभं राहायची धडपड करावी, ह्याला काय म्हणावं?

तोवर वाराही बदलला होता. स्पॉटिफायने कंपन्यांशी वेगवेगळे करार करून मागाल ते गाणं देणारी सेवा उभी केली. २०१४ मध्ये तिने गाणी संगणकाकडून 'ऐकवून' घेणारी एको नेस्ट विकत घेतली. फर्माईश आणि आवडीचा अंदाज, दोन्ही एकाच दुकानात मिळू लागलं. पँडोराने २०१७ मध्ये तशी सेवा काढली, पण उशीर झाला होता. त्याच वर्षी वेस्टरग्रेन बाहेर पडला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सिरियस एक्सएमने कंपनी घेतली. त्याच महिन्यात स्पॉटिफाय भारतात आलं.

आपल्याकडे ह्या प्रश्नाने वेगळं वळण घेतलं. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा परस्पर लिहून घेता येणार नाही अशी सोय झाली. जावेद अख्तरांनी त्यासाठी राज्यसभेत बाजू मांडली होती. त्याच दुरुस्तीत प्रसारकांसाठी सरकारी दराचं कलम आलं. ते इंटरनेटला लागू आहे का, ह्यावर टिप्स आणि विंक ह्यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं, की नाही, ते रेडिओ आणि दूरदर्शनपुरतंच. म्हणजे इंटरनेटवर ज्याने त्याने आपापला सौदा करायचा. ज्याच्याकडे गाण्यांची मालकी आहे त्याला सौदा करता येतो. तिसऱ्या ओळीतल्या व्हायोलिनने कुणाशी करायचा?

आतोबा आता नाहीत. पण त्यांची एक वही आत्याने जपून ठेवली आहे. तारीख, स्टुडिओ, संगीतकार, गाण्याचे पहिले दोन शब्द, मिळालेले पैसे. ह्या दिवाळीत मी ती संगणकावर उतरवायला घेतली. त्यातून एक पैही येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पगाराविना गाणी मोजत बसलेल्या ओकलंडच्या त्या माणसांनी मला एक गोष्ट पटवली, की गाण्याची नोंद कुणीतरी हाताने केल्याशिवाय पुढचं यंत्र काहीच ओळखू शकत नाही. त्या नोंदीत वादकाचा रकानाच नसेल तर त्याचा वाटा ठरवायचा कसा?

तेव्हा मंडळी, एक विनंती. तुमच्या घरात, ओळखीत कुणी स्टुडिओत वाजवणारं, कोरसमध्ये गाणारं असेल तर त्यांना विचारा, कुठकुठल्या गाण्यांत तुम्ही आहात? आणि ते लिहून ठेवा. नातेवाईक मंडळींपैकी कुणाकडे आतोबांचे त्या काळातले फोटो असतील तर मला कळवा. १९६८ च्या पानांवरची तीन गाणी अजून मला ओळखता आलेली नाहीत.